‘वेसाख मासे’ : एका महिन्याच्या नावाचा आकाशातला पत्ता

नाशिक शहराच्या कडेला, मुंबई-आग्रा महामार्गालगत जो त्रिकोणी डोंगर दिसतो, त्याला आपण पांडवलेण्यांचा डोंगर म्हणतो. तेथील जुन्या लेखांत मात्र त्याचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी, असे येते. पायऱ्या चढून वर गेले आणि क्रमांक १० च्या लेण्याच्या ओसरीत उभे राहिले, की भिंतीवर ब्राह्मी लिपीतील ओळी दिसतात. क्षहरात घराण्यातील शक क्षत्रप, म्हणजे प्रांताधिपती, नहपान याचा जावई, दीनिकाचा पुत्र उषवदात, याने भिक्षुसंघाला दिलेल्या दानाचा एक लेख येथे कोरलेला असून त्याची सुरुवात ‘सिधं वसे ४२ वेसाख मासे’ अशी आहे. हे वर्ष शककालगणनेचे मानले, तर तो काळ इ. स. १२० च्या सुमाराचा ठरतो. म्हणजे आज घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जे नाव छापलेले असते, तेच नाव सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी याच गावाच्या वेशीवर दगडात कोरले गेले होते, आणि मधल्या काळात त्यात बदल झाला तो केवळ उच्चारापुरता.

वैशाख म्हणजे काय, असे कोणालाही विचारले तर उत्तर बहुधा उन्हाचे येते. ‘वैशाख वणवा’ हा शब्दप्रयोग आपल्या जिभेवर आहे. लग्नसराई, अक्षय्य तृतीया, मालेगाव-बागलाणकडची आखाजी, उन्हाळ कांदा चाळीत भरण्याची लगबग, या सगळ्यांनी हा महिना ओळखला जातो. परंतु नावाकडे नीट पाहिले तर त्यात ऊन नाही, उष्मा नाही आणि ऋतूचा उल्लेखही नाही. ते नाव म्हणजे एका विशिष्ट रात्री चंद्र कोठे असतो याचा पत्ता आहे.

हा पत्ता कसा तयार झाला, हे पाणिनीने दोन छोट्या सूत्रांत बांधून ठेवले आहे. ‘नक्षत्रेण युक्तः कालः’ या सूत्राने एखाद्या नक्षत्राशी चंद्राचा योग असलेल्या काळाला त्या नक्षत्रावरून नाव मिळते, आणि ‘सास्मिन् पौर्णमासीति’ या सूत्राने अशी पौर्णिमा ज्या महिन्यात येते त्या महिन्याला त्या पौर्णिमेवरून नाव मिळते. विशाखा नक्षत्रातील पौर्णिमा ती वैशाखी, आणि वैशाखी पौर्णिमा ज्यात येते तो वैशाख. नावाचा प्रवास असा दोन पायऱ्यांचा आहे. आधी पौर्णिमेचे बारसे झाले, महिन्याचे नंतर. शब्दाच्या पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणून ‘वि’चा ‘वै’ होतो. याच रीतीने चित्रावरून चैत्र, कृत्तिकेवरून कार्तिक, मृगशीर्षावरून मार्गशीर्ष, पुष्यावरून पौष आणि मघेवरून माघ झाला. बाराही महिन्यांची नावे याच साच्यातून निघाली असल्यामुळे एकाचे कोडे उलगडले की उरलेल्यांसाठी वेगळे कष्ट पडत नाहीत.

नाव देण्यासाठी पौर्णिमाच का निवडली, याचे कारण व्यावहारिक आहे. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर असतो. तो दिसत नाही आणि त्याच्या आसपासची नक्षत्रेही सूर्यप्रकाशात बुडालेली असतात. पौर्णिमेला मात्र चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, रात्रभर आकाशात राहतो आणि तो कोणत्या ताऱ्यांजवळ आहे हे कोणत्याही उपकरणावाचून सांगता येते. यात आणखी एक खुबी आहे. पौर्णिमेचा चंद्र पृथ्वीवरून पाहताना सूर्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर असतो. त्यामुळे चंद्र विशाखेत असल्याचे दिसले, की सूर्य त्या वेळी भरणी-कृत्तिकांच्या परिसरात आहे हे न पाहताच कळते. सूर्याजवळचे तारे डोळ्यांना कधीच दिसत नाहीत, पण समोरच्या चंद्राकडे पाहून सूर्याचे स्थान ओळखता येते, आणि सूर्याचे स्थान कळले की वर्षातील आपण कोठे आहोत हे कळते. महिन्यांना नक्षत्रांची नावे देण्यामागे एवढे भक्कम निरीक्षण आहे.

या उलटसुलट जोडीचा पुरावा उषवदाताच्या त्याच लेखात सापडतो, ही गोष्ट मला विशेष वाटते. लेखाच्या पुढच्या भागात त्याने आधीच्या एका दानाची नोंद केली आहे आणि तिची तिथी ‘कातिक सुधे पनरस’, म्हणजे कार्तिक शुद्ध पंधरा, अशी दिली आहे. वैशाखी पौर्णिमेला चंद्र विशाखेकडे आणि सूर्य कृत्तिकांकडे असतो. सहा महिन्यांनी कार्तिकी पौर्णिमेला दोघांनी जागा बदललेल्या असतात. आकाशाच्या दोन टोकांची ही दोन नावे एकाच शिलालेखात, काही ओळींच्या अंतराने आली आहेत. शिवाय ‘सुधे’ हा शब्द पाहा. आपण मराठीत आजही ‘शुद्ध’ आणि ‘वद्य’ असेच म्हणतो.

आता विशाखा या शब्दाकडे वळू. ‘वि’ आणि ‘शाखा’ मिळून झालेल्या या शब्दाचा सरळ अर्थ फांद्या फुटलेली, दोन बाजूंना पसरलेली असा होतो. वैदिक वाङ्मयात हे नाव द्विवचनात, ‘विशाखे’ असे येते आणि त्याची देवताही जोडीचीच, म्हणजे इंद्राग्नी, मानली आहे. त्यावरून हे नक्षत्र मुळात दोन ताऱ्यांचे समजले जात होते हे स्पष्ट होते. अथर्ववेदात ‘राधे विशाखे सुहवानुराधा’ असा उल्लेख आहे. राधा हे विशाखेचेच दुसरे नाव, आणि राधेच्या मागून येणारी ती अनुराधा. पुढच्या नक्षत्राचे नाव आपण सर्रास मुलींना ठेवतो, पण त्या नावात विशाखेची ओळख दडलेली आहे हे सहसा लक्षात येत नाही. अमरकोशात वैशाख महिन्याला ‘राध’ असेही नाव दिले आहे, ते यावरूनच. नंतरच्या ज्योतिषग्रंथांत विशाखेचा आकार तोरणासारखा सांगितला आहे, आणि दोन खांब व वरची कमान ही कल्पना फुटलेल्या फांद्यांपासून फार दूरची नाही.

संस्कृतात ताक घुसळण्याच्या रवीच्या दांड्यालाही ‘वैशाख’ म्हणतात, आणि तो शब्दही विशाखेपासूनच साधण्यासाठी पाणिनीने वेगळे सूत्र दिले आहे. धनुर्धराने पाय फाकवून उभे राहण्याच्या पवित्र्याचेही नाव वैशाखच. खालच्या टोकाला पाकळ्या फुटलेली रवी आणि पाय पसरून उभा राहिलेला माणूस ही दोन्ही चित्रे डोळ्यांपुढे आणली, तर दुभंगलेपणाचा अर्थ या शब्दाला किती घट्ट चिकटलेला आहे ते जाणवते. मराठीने मात्र या शब्दाचा वेगळाच वंशविस्तार केला : ‘वैशाखनंदन’ म्हणजे गाढव. वैशाखात मागे वळून पाहिले तरी कोठे गवत दिसत नाही, तेव्हा ते सगळे आपणच खाल्ले या समाधानाने गाढव लठ्ठ होते, असे त्याचे लोकांतले स्पष्टीकरण आहे. खगोलशास्त्राशी त्याचा काही संबंध नाही, पण उन्हाळ्यातील माळाचे निरीक्षण म्हणून ते चोख आहे.

विशाखेचे तारे प्रत्यक्ष पाहायचे असतील तर वैशाखी पौर्णिमेची रात्र उपयोगाची नाही. चांदण्यात ते फिके पडतात. वद्य पक्षात, चंद्र उशिरा उगवू लागल्यावर, रात्री जेवणानंतर गच्चीवर जावे आणि दक्षिणेकडे तोंड करावे. निळसर पांढरी चित्रा आणि तिच्या डावीकडे खाली तांबूस ज्येष्ठा हे दोन ठळक तारे सहज सापडतात. त्यांच्या दरम्यान तूळ राशीत मध्यम तेजाचे दोन तारे दिसतात, एक वर आणि एक खाली. हीच विशाखेची मुख्य जोडी होय. यांतील खालचा तारा सूर्याच्या भासमान मार्गाला, म्हणजे आयनिक वृत्ताला, जवळजवळ चिकटून आहे, त्यामुळे चंद्र अधूनमधून त्याला झाकूनही टाकतो. साध्या द्विनेत्रीतून पाहिले तर तो एक नसून दोन तारे असल्याचे दिसते. तो आपल्यापासून सुमारे ७७ प्रकाशवर्षे दूर आहे, तर वरचा तारा सुमारे १८५ प्रकाशवर्षे. म्हणजे ज्यांना आपण एका झाडाच्या दोन फांद्या समजलो त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. आपण पाहतो त्या दिशेमुळे ते शेजारी वाटतात. अरबी परंपरेतून आलेली त्यांची नावे ‘दक्षिणेची नांगी’ आणि ‘उत्तरेची नांगी’ अशा अर्थाची आहेत, कारण तेथे हे दोन तारे शेजारच्या वृश्चिकाच्या पुढच्या पंज्यांत धरले जात होते. तेच दोन ठिपके एकाला झाडाच्या फांद्या वाटले आणि दुसऱ्याला विंचवाच्या नांग्या.

येथपर्यंत गोष्ट सरळ आहे. अडचण सुरू होते ती दर वर्षी वैशाखातली पौर्णिमा खरोखर विशाखेत होते का, हे तपासायला गेल्यावर. चंद्राला ताऱ्यांच्या संदर्भात एक फेरी पूर्ण करायला सुमारे २७.३ दिवस लागतात, म्हणून त्याच्या वाटेचे २७ भाग पाडले गेले. ३६० अंशांना २७ ने भागले की प्रत्येकाला १३ अंश २० कला (एका अंशाच्या ६० कला) मिळतात, आणि या हिशेबात विशाखेचा भाग मेष राशीच्या आरंभापासून मोजता २०० अंशांपासून २१३ अंश २० कलांपर्यंत येतो. तारे काही समान अंतरांवर बसलेले नाहीत. त्यामुळे भाग एकीकडे आणि ज्या ताऱ्यावरून त्याला नाव मिळाले तो दुसरीकडे, असेही घडते. याचे सर्वांत ठळक उदाहरण स्वातीचे आहे. चंद्र स्वाती नक्षत्रात आहे असे पंचांग सांगते तेव्हा स्वातीचा तेजस्वी केशरी तारा त्याच्यापासून बराच उत्तरेला असतो. नाशिकचे अक्षांश सुमारे २० अंश आणि स्वातीची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचे तिचे उत्तरेकडचे अंतर, सुमारे १९ अंश, म्हणून हा तारा आपल्याकडे जवळपास थेट डोक्यावरून जातो, तर चंद्र त्या वेळी दक्षिणेकडे कललेल्या वाटेने चाललेला असतो. त्या दोघांची भेट कधीच होत नाही.

तर अलीकडच्या तीन वैशाखी पौर्णिमा पाहू. २३ मे २०२४ रोजी पौर्णिमा पूर्ण झाली त्या क्षणी चंद्र अनुराधेत होता. १२ मे २०२५ रोजी तो विशाखेत होता. १ मे २०२६ ची पौर्णिमा स्वातीतली. लागोपाठच्या तीन वर्षांत तीन नक्षत्रे, आणि नाव मात्र तिन्ही वेळा वैशाखच. असे का होते ते आकड्यांवरून समजते. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा महिना सरासरी २९.५३ दिवसांचा असतो. असे बारा महिने मिळून ३५४ दिवसांहून थोडे अधिक होतात, तर सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. म्हणून प्रत्येक वर्षी पौर्णिमा सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते, सूर्य तेवढाच मागे असतो आणि त्याच्या समोरचा चंद्रही जवळजवळ एक नक्षत्र मागे पडतो. अनुराधा, मग विशाखा, मग स्वाती.

हे मागे पडणे असेच चालू राहिले असते तर काही वर्षांत वैशाखातली पौर्णिमा चित्रा ओलांडून हस्तात गेली असती आणि नावाला काही अर्थ उरला नसता. ते थांबवतो तो अधिक महिना. २०२६ मध्ये वैशाख संपल्यावर १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ येतो, आणि त्याच्या धक्क्याने पुढच्या वर्षीची वैशाखी पौर्णिमा एकदम २० मे २०२७ ला जाऊन पुन्हा अनुराधेत पोहोचते. मराठीत ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण याच महिन्यावरून आली. हातातोंडाशी गाठ असताना खर्चाचा आणखी एक महिना वाढावा हे दुःखच, पण आकाशाचा हिशेब मात्र त्या तेराव्या महिन्यानेच जुळतो.

अधिक महिना कधी घ्यायचा हे नक्षत्राकडे पाहून ठरत नाही, आणि येथे नावाच्या इतिहासातला महत्त्वाचा बदल आहे. आजच्या पंचांगांत ज्या चांद्रमासात सूर्य वृषभ राशीत प्रवेश करतो तो वैशाख, मेषेत प्रवेश करतो तो चैत्र, आणि ज्यात कोणत्याच राशीत प्रवेश होत नाही तो अधिक, असा नियम आहे. पौर्णिमेच्या चंद्राकडे पाहून नाव ठेवण्याची जुनी रीत मागे पडून सूर्याच्या राशिप्रवेशावरून नाव ठरवण्याची रीत आली, पण नावे मात्र जुनीच राहिली. या नियमाने हिशेब केला तर वैशाखी पौर्णिमेचा चंद्र सुमारे १९५ ते २२४ अंशांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. त्यांपैकी विशाखेच्या वाट्याला येतात ते साडेतेरा अंशांहूनही कमी. म्हणजे निम्म्याहून थोड्या कमी वेळा वैशाख नावाप्रमाणे वागतो. एरवी तो शेजाऱ्यांच्या घरी मुक्कामाला असतो.

त्रिरश्मीवर परत येऊ. क्रमांक ३ च्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. तोही दानाचाच आहे, परंतु त्याची तारीख अगदी निराळ्या पद्धतीने लिहिली आहे : वासिष्ठीपुत्र पुळुमावी राजाच्या ‘सवछरे एकुनवीसे १९ गिम्हाण पखे बितिये २ दिवसे तेरसे १३’, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी, ग्रीष्माच्या दुसऱ्या पक्षात, तेराव्या दिवशी. येथे महिन्याचे नावच नाही. वर्षाचे ग्रीष्म, वर्षा आणि हेमंत असे तीन ऋतू, प्रत्येक ऋतू चार महिन्यांचा, आणि चार महिन्यांचे आठ पक्ष. त्या पक्षांना नुसते आकडे. फाल्गुनी पौर्णिमेनंतर ग्रीष्म सुरू होतो असे धरले, तर ही तिथी चैत्र शुद्ध त्रयोदशी ठरते. त्याच लेण्यातील गौतमीपुत्राच्या आज्ञापत्रांतही तारखा अशाच, पावसाळ्याच्या पक्षांनी दिलेल्या आहेत. गंमत अशी की ज्याला आपण मातीतला राजा म्हणतो त्या सातवाहनाची तारीख आज आपल्याला फोड करून समजून घ्यावी लागते, आणि शक क्षत्रपाच्या जावयाचे ‘वेसाख मासे’ मात्र पहिल्या वाचनात कळते. आणि नक्षत्रनामांनी एका फटक्यात बाजी मारली असेही झाले नाही. पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातला लेख उषवदाताच्याच लेण्याच्या अंगणात कोरला गेला, तो पुन्हा ‘गिम्ह पखे चोथे’ असे ऋतूनेच दिवस मोजतो.

या दोन पद्धतींतला फरक केवळ लिहिण्याच्या सवयीचा नाही. ‘ग्रीष्माचा दुसरा पक्ष’ हे नाव जमिनीवर काय चालले आहे ते सांगते आणि ‘वैशाख’ हे नाव आकाशात काय चालले आहे ते सांगते. एका माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही हातात हात घालून चालतात, म्हणून एकाने दुसऱ्याचे काम भागते. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डोलत असतो आणि त्या एका आवर्तनाला सुमारे २५,८०० वर्षे लागतात. त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे दिवस आणि रात्र समान होतात त्या वेळचे सूर्याचे स्थान, ताऱ्यांच्या संदर्भात दर ७२ वर्षांना सुमारे एक अंश मागे सरकते. ऋतू संपाताला बांधलेले आहेत आणि महिन्यांची नावे ताऱ्यांना. परिणामी ताऱ्यांना बांधलेला प्रत्येक महिना ऋतूंवरून हळूहळू पुढे घसरत जातो, साधारण २१५० वर्षांत एक महिना या वेगाने.

तैत्तिरीय संहितेत महिन्यांना नक्षत्रांची नव्हे तर ऋतूंची नावे आहेत आणि तेथे ‘मधुश्च माधवश्च वासन्तिकावृतू’ असे म्हटले आहे. मधु आणि माधव हे वसंताचे दोन महिने; पुढे मधु म्हणजे चैत्र आणि माधव म्हणजे वैशाख असे समीकरण रूढ झाले आणि कोशांतही शिरले. शाळेत आपण हेच पाठ केले : चैत्र-वैशाख वसंत ऋतू. नाशिकमध्ये वैशाखात दुपारी बारा वाजता मेनरोडवर उभे राहून कोणी हे वाक्य म्हणून दाखवावे. पाठ करणाऱ्यांची चूक नाही. ते वाक्य जेव्हा जुळवले गेले तेव्हा ते आजच्याइतके विसंगत नव्हते. उषवदाताच्या काळापासून आजपर्यंत संपात सुमारे साडेसव्वीस अंश सरकला आहे, म्हणजे त्याचा वैशाख ऋतुमानाने आपल्या वैशाखापेक्षा पाऊण महिन्याहून अधिक अलीकडे येत असे. आजची वैशाखी पौर्णिमा एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या अखेरीपर्यंत केव्हाही येते. तेव्हाची, आजच्या ऋतूंच्या भाषेत, एप्रिलच्या आरंभापासून मेच्या आरंभापर्यंत पडली असती. त्रिरश्मीवर तेव्हाही ऊन असणारच, पण ते वणव्याचे शेवटचे टोक नसावे. वैशाख आणि वणवा यांची जी जोडी आपल्याला जन्मसिद्ध वाटते तिच्यात या घसरणीचाही वाटा आहे, आणि अशाच वेगाने सरकत सरकत कधीतरी तो महिना पहिल्या पावसात जाऊन उभा राहील.

ही घसरण थांबवण्याचा प्रयत्न स्वतंत्र भारतात झाला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तिच्यातला वैशाख दर वर्षी २१ एप्रिललाच सुरू होतो, ३१ दिवसांचा असतो आणि ऋतूंना बांधलेला असल्यामुळे जागचा हलत नाही. सरकारी राजपत्रावर आणि आकाशवाणीच्या निवेदनात तो भेटतो. शास्त्रीय दृष्टीने ती दिनदर्शिका निर्दोष आहे, असे मला वाटते. पण तिने नक्षत्रांची नावे घेतली आणि चंद्राला रजा दिली, त्यामुळे त्या वैशाखात पौर्णिमा कोणत्या तारखेला येते याला काही महत्त्वच उरले नाही. लोकांनी ती स्वीकारली नाही याचे कारण त्यांचा आळस नसून त्यांची अक्षय्य तृतीया आहे.

महाराष्ट्राबाहेर या नावाने आणखी वेगवेगळी रूपे घेतली आहेत. पंजाबातील बैसाखी एप्रिलच्या १३ किंवा १४ तारखेला, सूर्याच्या मेषप्रवेशाला येते. बंगालचा वैशाखही त्याच सुमारास सुरू होतो आणि तोच तेथला वर्षारंभ आहे. तमिळनाडूत मात्र सूर्य मेषेत असतो तो महिना ‘चित्तिरै’, आणि ‘वैकासी’ उजाडतो तो मेच्या मध्यावर. दोन्हीकडे महिने सूर्याचेच, दोन्हीकडे राशी त्याच, आणि तरी नावांत एका महिन्याचे अंतर. बंगालने सौर महिन्याला त्याच्या पोटात सुरू होणाऱ्या चांद्रमासाचे नाव दिले, आणि तमिळ प्रदेशाने राशिप्रवेश ज्या चांद्रमासात घडतो त्याचे. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून शुद्ध पक्षाचे नाव सगळीकडे सारखे असते, पण आपला चैत्र वद्य पक्ष हा तिकडच्या वैशाखाचा पहिला पंधरवडा ठरतो. श्रीलंकेत बुद्धपौर्णिमेला ‘वेसक’ म्हणतात, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९९ मध्ये ज्या दिवसाला मान्यता दिली तो याच नावाने. बौद्ध लेण्याच्या ओसरीतला ‘वेसाख’ आणि सिंहली ‘वेसक’ हे शब्द समोरासमोर ठेवले तर त्यांचे नाते सांगावे लागत नाही.

सिंहस्थाच्या गावात राहणाऱ्यांना यातली आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी. महिन्यांचीच नावे कधी काळी वर्षांनाही दिली जात. गुरूला राशिचक्राची एक फेरी करायला सुमारे ११.८६ वर्षे लागतात, म्हणजे ढोबळमानाने एका राशीत एक वर्ष. सूर्याच्या तेजात लपलेला गुरू पुन्हा पहाटे दिसू लागतो तेव्हा तो ज्या नक्षत्रात असेल त्यावरून त्या वर्षाला नाव द्यायचे, अशी पद्धत वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सांगितली आहे. विशाखा किंवा अनुराधा असेल तर ते वैशाख वर्ष. ही केवळ ग्रंथातली कल्पना नव्हे. मध्य प्रदेशातील खोह येथे सापडलेल्या परिव्राजक घराण्यातील महाराज हस्तिन् याच्या ताम्रपटावर गुप्त संवत १५६ या आकड्याच्या जोडीला ‘महावैशाख’ संवत्सर असे नाव दिलेले आहे. गुरू सिंहेत आला की गोदावरीवर सिंहस्थ भरतो, तोही बारा वर्षांचा हिशेब त्याच घड्याळाचा.

उषवदाताच्या लेखात महिना केवळ तारखेपुरता येत नाही. त्याच्या दानाचा सगळा व्यवहार महिन्यांवर उभा आहे. त्याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ‘अखयनिवी’, म्हणजे मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज वापरायची कायम ठेव, म्हणून दिले आणि ते गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवले. आजच्या नाशिकच्या पश्चिमेला गंगापूरजवळ गोवर्धन हे गाव अजून आहे. एका श्रेणीकडे २००० शेकडा एक या दराने, दुसरीकडे १००० शेकडा पाऊण या दराने. दोन हजारांच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासाठी, मिळावेत, असे लेख सांगतो. शेकडा एक हा दर महिन्याचा की वर्षाचा, ते तेथे लिहिलेले नाही, पण गणित ते उघड करते. वीस भिक्षूंचे प्रत्येकी बारा म्हणजे २४० कार्षापण. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे २०. आणि २० चे २४० व्हायला बारा महिने लागतात. दर मासिक होता आणि वर्ष बारा महिन्यांचे धरले होते. हा करार निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असेही लेखात नमूद आहे. ज्या वर्षी अधिक महिना येई, त्या वर्षी विणकरांच्या हाती तेराव्या महिन्याचे आणखी वीस कार्षापण जमत असणार. ते कोणाचे, याबद्दल मात्र भिंतीवर एक अक्षरही नाही.